वटवाघळांच्या अंगावरील रहिवासी

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात बसवनगुडी नावाची जुनी वसाहत आहे. नंदीच्या ज्या भव्य पाषाणमूर्तीवरून वसाहतीला हे नाव मिळाले, त्या मूर्तीच्या देवळाला लागूनच एक प्रचंड खडक जमिनीतून वर आलेला दिसतो. त्याला ‘ब्यूगल रॉक’, म्हणजे बिगुलाचा खडक, असे म्हणतात. पूर्वी सूर्यास्ताच्या सुमारास येथील पहारेकरी बिगूल वाजवून नगरवासीयांना सावध करीत असे, अशी आख्यायिका आहे. कार्तिक महिन्याच्या अखेरच्या सोमवारी या परिसरात भुईमुगाच्या शेंगांची मोठी जत्रा भरते आणि खडकाभोवतीच्या उंच झाडांखाली पाय ठेवण्यास जागा उरत नाही. आता बिगूल वाजत नाही; परंतु सूर्यास्ताची वेळ मात्र आजही कोणीतरी पाळते. उजेड मावळू लागला की या झाडांच्या शेंड्यांवर दिवसभर लटकलेली मोठी वटवाघळे एकामागून एक सुटतात आणि संथ पंख मारीत शहरावरून दूर निघून जातात.

कन्नड भाषेत यांना ‘बावलि’ म्हणतात. प्राणिशास्त्रात हे वटवाघूळ टेरोपस मेडियस या नावाने ओळखले जाते. जुन्या पुस्तकांत त्याचे नाव टेरोपस जायगँटियस असे आढळते. त्याच्या पसरलेल्या पंखांची रुंदी सव्वा मीटरच्या आसपास भरते आणि पूर्ण वाढलेल्या नराचे वजन दीड किलोग्रॅमपर्यंत जाऊ शकते. वड, पिंपळ, उंबर, जांभूळ, आंबा इत्यादींची फळे आणि फुलांतील मध हा त्याचा आहार होय. कोल्ह्यासारखे तोंड, मोठे डोळे आणि मानेभोवती तांबूस-पिवळ्या केसांची झालर यांमुळे लहान कीटकभक्षी वटवाघळांपेक्षा ते अगदी निराळे दिसते.

भर दुपारी या झाडांकडे थोडा वेळ लक्षपूर्वक पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. वटवाघळे झोपलेली आहेत असे आपण म्हणतो, पण त्यांतली बरीचशी मुळीच झोपलेली नसतात. एका पायाने फांदी धरून ती दुसऱ्या पायाच्या नख्यांनी अंग खाजवितात; छातीवरचे केस विंचरतात; पंखाचा पडदा ताणून धरून तो जिभेने व दातांनी पुन्हापुन्हा साफ करतात. उन्हाळ्यात पंखांनी वारा घेणे हे वेगळे. हे खाजविणे मात्र बारमाही असते. त्याचे कारण वटवाघळाच्या अंगावर वस्ती करून राहणारे लहान जीव होत. जे जीव दुसऱ्या प्राण्याच्या त्वचेवर किंवा केसांत राहून त्याच्या रक्तावर वा त्वचेवर उदरनिर्वाह करतात त्यांना बाह्य परोपजीवी म्हणतात, आणि ज्याच्या जिवावर ते जगतात त्याला पोषक म्हणतात.

प्राण्यांच्या अंगावरील अशा किड्यांना बसवनगुडीच्या स्वतःच्या इतिहासातही स्थान आहे. १८९६ मध्ये मुंबईत उद्भवलेली प्लेगची साथ १८९८ च्या ऑगस्टमध्ये बंगळुरात पोहोचली. जुन्या पेठेतील कोंदट, दाटीवाटीच्या घरांत तिने हाहाकार उडविला. त्यानंतर पेठेच्या उत्तरेला मल्लेश्वरम् आणि दक्षिणेला बसवनगुडी या रुंद रस्त्यांच्या, मोकळ्या हवेच्या वसाहती झपाट्याने वाढल्या. हवा मोकळी असली की रोग होत नाही, असा त्या काळचा विश्वास होता. परंतु योगायोग असा की, त्याच वर्षीच्या जून महिन्यात कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने प्लेगचे खरे वाहन शोधून काढले होते. प्लेगने आजारी आणि पिसवांनी भरलेला एक उंदीर त्याने काचेच्या बरणीत ठेवला. त्याच बरणीत, त्याला स्पर्श होणार नाही अशा रीतीने, जाळीच्या पिंजऱ्यात दुसरा निरोगी उंदीर ठेवला. काही दिवसांत तोही प्लेगने मेला. पहिला उंदीर मरून थंड पडताच त्याच्या अंगावरील पिसवा उड्या मारून दुसऱ्याकडे गेल्या होत्या. सिमाँच्या या निष्कर्षावर त्या वेळी फारशा कोणी विश्वास ठेवला नाही. १९०५ नंतर मुंबईत झालेल्या विस्तृत प्रयोगांनी मात्र तो खरा ठरविला. प्लेगच्या या पिसवेचे शास्त्रीय वर्णन चार्ल्स रॉथ्सचाइल्ड यांनी १९०३ मध्ये केले आणि पिरॅमिडच्या कर्त्या राजाच्या नावावरून तिला झेनोप्सिला केओपिस असे नाव दिले.

तेव्हा एका अर्थी उंदराच्या अंगावरील पिसवेने बसवनगुडी वसविण्यास हातभार लावला. अशा ठिकाणच्या नागरिकाने डोक्यावरच्या झाडातील वटवाघळांविषयी आणि त्यांच्या अंगावरील किड्यांविषयी धास्ती बाळगली, तर त्याला हसणे योग्य होणार नाही. केरळात २०१८ मध्ये निपाह रोगाने घेतलेले बळी आणि २०२० मधील महामारी यांनंतर ही धास्ती देशभर वाढली. ठिकठिकाणी वटवाघळांची झाडे तोडण्याची मागणी होऊ लागली. म्हणून वटवाघळाच्या अंगावर नेमके कोण राहते आणि त्याची चालरीत प्लेगच्या पिसवेसारखी आहे काय, हे नीट पाहिले पाहिजे.

मोठ्या वटवाघळाच्या केसांत आढळणारा सर्वांत लक्षणीय रहिवासी म्हणजे एक माशी. ती माशी आहे हे सांगितल्यावाचून कोणालाही पटणार नाही. तिला पंख नसतात. शरीर चपटे, तपकिरी, सुमारे पाच मिलिमीटरपर्यंत लांब. त्याला सहा लांब, वाकडे, मजबूत पाय. प्रथमदर्शनी ती एखादा कोळीच भासते. फक्त कोळ्याला आठ पाय असतात आणि हिला सहा. डोके इतके लहान की ते शोधावे लागते, कारण विश्रांतीच्या वेळी ते मागे वळवून पाठीवरच्या खोबणीत ठेवलेले असते. रक्त प्यायचे असेल तेव्हाच ते पुढे येते. डोळे नाममात्र असतात. पाय छातीच्या खालच्या बाजूने न निघता वरच्या कडेने निघतात, त्यामुळे माशी केसांमध्ये दबून राहूनही चपळाईने धावू शकते. पायांच्या टोकांना बळकट नख्या असतात आणि शरीरावर फणीच्या दातांसारख्या काट्यांच्या रांगा असतात. वटवाघूळ खाजवू लागले की या नख्या व काटे केसांत अडकतात आणि माशी सहसा खाली पडत नाही. काचेवर वा कागदावर ठेवल्यास मात्र तिची चाल बघवत नाही. ती अडखळते, गोल फिरते, पाय कोठे टेकावा हे तिला कळत नाही. केसांच्या दाट रानासाठी घडलेला हा देह सपाट मैदानावर निरुपयोगी ठरतो.

अठराव्या शतकातील निसर्गशास्त्रज्ञांनी अशा माश्यांची गणना कधी उवांमध्ये, तर कधी कोळ्यांच्या वर्गात केली. यातील गंमत अशी की, सस्तन प्राण्यांपैकी बहुतेकांच्या अंगावर कोणती ना कोणती ऊ असते, पण वटवाघळांच्या अंगावर खऱ्या उवा आढळतच नाहीत. उवांची ती जागा या माश्यांनी व्यापलेली आहे असे म्हणता येईल. आज त्यांचा समावेश माश्यांच्या गणातील निक्टेरिबिइडी या कुलात केला जातो. आफ्रिकेत निद्रारोग पसरविणारी त्सेत्से माशी आणि आपल्याकडे कुत्र्यांच्या व गुरांच्या अंगाला चिकटून बसणारी चपटी माशी ही तिची दूरची नातलग मंडळी होत.

भारतातील मोठ्या वटवाघळावर आढळणाऱ्या माशीच्या जातीला सायक्लोपोडिया साइक्सी असे नाव आहे. या नावामागे दख्खनच्या इतिहासातील एक परिचित व्यक्ती उभी आहे. विल्यम हेन्री साइक्स हे मुंबई सैन्यातील अधिकारी. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्यांना दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीसाठी नेमले. जमीनमहसूल, पिके, लोकसंख्या यांची मोजदाद करता करता त्यांनी या प्रदेशातील पशुपक्ष्यांचाही अभ्यास केला आणि १८३१ मध्ये दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. या वटवाघळाचे मांस रुचकर असते असा स्वानुभवाचा दाखलाही त्यांनी देऊन ठेवला आहे. पुढे १८३५ मध्ये इंग्लंडमधील कीटकशास्त्रज्ञ जॉन वेस्टवुड यांनी या माशीचे वर्णन करताना तिला साइक्स यांचे नाव दिले. पक्ष्यांच्या व प्राण्यांच्या नावांत अमर झालेले अधिकारी पुष्कळ आहेत. वटवाघळाच्या केसांतील माशीच्या रूपाने उरण्याचा मान थोड्यांनाच मिळाला असेल. भारत, श्रीलंका व ब्रह्मदेश येथील या कुलातील माश्यांचा पद्धतशीर आढावा ह्यू स्कॉट यांनी १९२५ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमच्या नियतकालिकात घेतला. आणि जगभरच्या जातींची सचित्र सूची ऑस्कर थिओडोर यांनी १९६७ मध्ये तयार केली, ती ज्या संग्रहाच्या आधारे केली तो संग्रह प्लेगच्या पिसवेचे वर्णन करणाऱ्या रॉथ्सचाइल्ड यांच्याच नावाचा आहे.

या माशीचे प्रजनन हा तिच्या जीवनातील सर्वांत विलक्षण भाग होय. घरातील माशी शेकडो अंडी घालते आणि त्यांची पुढे काय अवस्था होते याची पर्वा करीत नाही. वटवाघळावरील माशी अंडी घालीत नाही. एका वेळी एकच अंडे तिच्या पोटात उबते. त्यातून निघालेला डिंभ आईच्या गर्भाशयातच राहतो आणि विशिष्ट ग्रंथींतून स्रवणाऱ्या दुधासारख्या द्रवावर वाढतो. दोनदा कात टाकून तो पूर्ण वाढला की मगच त्याचा जन्म होतो. केवळ रक्तावर जगणाऱ्या कीटकाला ब-गटातील काही जीवनसत्त्वे अन्नातून पुरेशी मिळत नाहीत. ही उणीव माशीच्या शरीरातील सहजीवी जीवाणू भरून काढतात, आणि आईच्या दुधाबरोबर हे जीवाणूही पिल्लाला मिळतात. सस्तन प्राण्याच्या अंगावर राहणाऱ्या या किड्याने सस्तन प्राण्यांची रीतच जणू उचलली आहे.

परंतु प्रसूतीच्या वेळी माशीला एक मोठा धोका पत्करावा लागतो. डिंभ वटवाघळाच्या अंगावर ठेवून चालत नाही. तो खाजविण्यात चिरडला जाईल. म्हणून मादी पोषकाचे ऊबदार अंग सोडून बाहेर येते. गुहेत राहणाऱ्या वटवाघळांच्या बाबतीत ती दगडाच्या भिंतीवर उतरते, झाडावर राहणाऱ्यांच्या बाबतीत फांदीच्या वा खोडाच्या सालीवर. तेथे ती डिंभाला जन्म देते आणि आपल्या पोटाने त्याला सालीवर दाबून पक्के चिकटविते. पांढरा, मऊ डिंभ थोड्याच वेळात कडक होऊन काळसर पडतो. तोच त्याचा कोश. मादी घाईने परत वटवाघळाकडे जाते. साधारणपणे तीन ते चार आठवड्यांनी कोशातून नवी माशी बाहेर येते. तिला पंख नाहीत, धड दृष्टी नाही, आणि खायला रक्ताशिवाय दुसरे काही चालत नाही. जवळपास वटवाघूळ असेल तरच तिचे आयुष्य सुरू होते. नसेल तर एक-दोन दिवसांत संपते.

वटवाघळे त्याच झाडावर, त्याच फांद्यांवर वर्षानुवर्षे परत येतात, या एका गोष्टीवर माशीची सारी गृहरचना उभी आहे. पोषकाच्या घराशी परोपजीवीचे घर असे बांधलेले असते. निरनिराळ्या देशांतील निरीक्षणांवरूनही हेच दिसते की, गुहांसारख्या टिकाऊ आणि बंदिस्त जागी राहणाऱ्या वटवाघळांवर या माश्या अधिक असतात. पानांच्या झुबक्यात आज येथे तर उद्या तेथे राहणाऱ्यांवर त्या कमी असतात.

ही माशी वटवाघळाच्या अंगावरील एकटीच रहिवासी नव्हे. पंखांच्या पातळ पडद्यावर एक चपटा, आठ पायांचा सूक्ष्म कोळी राहतो. त्याचे कुल स्पिंटर्निसिडी. तो जन्मापासून मरणापर्यंत वटवाघळाचे अंग सोडत नाही. त्याचीही अंडी बाहेर पडत नाहीत, पिल्लेच जन्माला येतात. युरोपातील एका जातीच्या वटवाघळांवर असे आढळले आहे की, मादी गरोदर असताना तिची प्रतिकारशक्ती मंदावते आणि नेमक्या त्याच काळात या कोळ्यांची संख्या वाढते. पिल्लू जन्मताच आईच्या कुशीत शिरते आणि कोळी आईवरून पिल्लावर जातात. वारसा असाही असतो.

वटवाघळांच्या पिसवांचे स्वतंत्र कुल आहे. त्यांचे डिंभ जमिनीवर साचलेल्या विष्ठेत वाढतात. साहजिकच गुहा, जुनी देवळे, ओस वाडे येथे त्या आढळतात. उघड्या झाडावर लटकणाऱ्या मोठ्या वटवाघळांवर त्या सहसा नसतात, कारण झाडाखाली पडलेली विष्ठा ऊन-पावसाने टिकत नाही आणि तेथून पिसवेला शेंड्यापर्यंत पोहोचता येत नाही. ढेकणांचे तर वटवाघळांशी फार जुने नाते आहे. माणसाच्या खाटेतील ढेकूण हा मूळच्या वटवाघळांवरील ढेकणापासून निघाला असे मानले जाते. गुहेत माणूस आणि वटवाघूळ एकाच छताखाली राहत असताना त्याने नवा पोषक शोधला असावा. ढेकणांचे आणखी एक चमत्कारिक आप्तकुल, पॉलिक्टेनिडी, पूर्णपणे आंधळे आहे आणि आयुष्यभर वटवाघळाच्या केसांतच राहते.

सर्वांत विचित्र म्हणावी अशी माशी मात्र लहान, गुहेत राहणाऱ्या वटवाघळांवर आढळते. ॲस्कोडिप्टेरॉन हे तिचे नाव. ती वटवाघूळ-माश्यांच्या दुसऱ्या, स्ट्रेब्लिडी या कुलातील होय. या कुलातील पुष्कळ माश्यांना पंख असतात आणि ॲस्कोडिप्टेरॉनची मादी जन्मतः पंखवाली असते. पोषक सापडताच ती त्याच्या त्वचेत भोक पाडून आत शिरते. मग तिचे पंख गळतात, पाय गळतात, पोट फुगून सुरईसारखे होते. त्वचेबाहेर केवळ मागचे टोक उरते आणि त्यातून डिंभ बाहेर पडत राहतात. ज्याला आरंभी पंख व पाय होते असा हा कीटक आहे, हे त्या गाठीकडे पाहून कोणी ओळखणार नाही.

या परोपजीवींवरही परोपजीवी आहेत. निक्टेरिबिइडी कुलातील माश्यांच्या अंगावर आर्थ्रोऱ्हिंकस नावाची सूक्ष्म बुरशी वाढते. भिंगातून ती माशीच्या पोटावर उगवलेल्या तुऱ्यांसारखी दिसते. चोरावर मोर म्हणतात तसाच हा प्रकार.

आता रोगांकडे वळले पाहिजे. रक्त पिणारा कोणताही कीटक एका प्राण्याच्या रक्तातील जंतू दुसऱ्याकडे नेऊ शकतो, हे उघड आहे. वटवाघळांना होणाऱ्या हिवतापासारख्या एका रोगाचे परोपजीवी या माश्या एका वटवाघळाकडून दुसऱ्याकडे नेतात. बार्टोनेला नावाचे जीवाणू वटवाघळांत आणि त्यांच्यावरील माश्यांत अनेक देशांत सापडले आहेत. बांगलादेशातील फलाहारी वटवाघळेही त्याला अपवाद नाहीत. परंतु वटवाघळांमध्ये रोग फिरणे आणि तो माणसापर्यंत येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्लेगच्या पिसवेचे सामर्थ्य तिच्या बेफिकिरीत होते. उंदीर मेला की ती दुसरा उंदीर शोधी, आणि तो न मिळाल्यास माणसाला चावे. शिवाय तिचा उंदीर माणसाच्या घरातच राहत असे. सायक्लोपोडियाची स्थिती नेमकी उलट आहे. ती टेरोपस वटवाघळांशी इतकी बांधलेली आहे की, त्यांच्यावाचून तिला जगता येत नाही. वटवाघळे हाताळणाऱ्याला अशी माशी क्वचित चावल्याच्या नोंदी आहेत, पण झाडाखालून जाणाऱ्याच्या अंगावर ती वस्ती करीत नाही. निपाह विषाणूचा नैसर्गिक साठा या मोठ्या वटवाघळांत असतो हे खरे. तथापि तो लाळ व मूत्र लागलेली फळे, शिंदीचा कच्चा रस, किंवा रोग्याचा निकट सहवास यांतून पसरतो. या माश्यांमार्फत तो माणसाला झाल्याचे दिसून आलेले नाही.

गोचिडींची गोष्ट थोडी निराळी आहे आणि तिचा शोध घेण्यात पुण्याचा मोठा वाटा आहे. १९५७ मध्ये त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि आसपासच्या गावांतील लोकांना तीव्र ताप येऊ लागला. पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरने (१९७८ पासून ही संस्था राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते) या रोगाचा विषाणू शोधला आणि तो जंगलातील गोचिडींमार्फत पसरतो हे दाखवून दिले. पुढे हाच विषाणू १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार एका कीटकभक्षी वटवाघळात आणि वटवाघळांच्या निवासस्थानातील मऊ गोचिडींतही सापडला. या गोचिडीची जात शास्त्राला नवी होती. धांडा व राजगोपालन यांनी १९७१ मध्ये तिचे वर्णन करून तिला ‘वटवाघळांची आवड असणारी’ अशा अर्थाचे नाव दिले. माणसांना होणारा रोग मुख्यतः या गोचिडीमुळे नव्हे, तर माकडे, उंदीर व गुरे यांच्यावर वाढणाऱ्या कठीण पाठीच्या गोचिडीमुळे पसरतो. तरीही विषाणू जंगलात कोठे कोठे दबा धरून राहतो याची एक दिशा या शोधाने दाखविली. त्याचे महत्त्व पुढे कमी झाले नाही, कारण २०१६ मध्ये हा रोग महाराष्ट्रात सिंधुदुर्गपर्यंत येऊन पोहोचला.

मऊ गोचिडींची आणखी एक जात, आर्गस व्हेस्पर्टिलिओनिस, जुन्या घरांच्या भिंतींतील व छपरांतील फटींत राहते. रात्री ती लहान वटवाघळांचे रक्त पिते. माळ्यावरची वटवाघळे हाकलून दिली, तर उपाशी राहिलेल्या या गोचिडी कधीकधी घरातील माणसांना चावतात. म्हणून माळ्यावरील वटवाघळे घालवायचीच असतील, तर ती पिल्ले नसण्याच्या काळात हळूहळू घालवावीत आणि मग फटी बुजवून, साफसफाई करून घ्यावी, असे सांगतात. बसवनगुडीतील झाडांवरच्या वटवाघळांना हा नियम लागू नाही, कारण त्यांना फटींचे घर नसते.

अलीकडे शास्त्रज्ञ या परोपजीवींकडे रोगवाहक म्हणूनच नव्हे, तर साक्षीदार म्हणूनही पाहू लागले आहेत. आग्नेय आशियात टेरोपस वटवाघळांच्या तीन जातींवर सायक्लोपोडिया हॉर्सफील्डी ही साइक्सीची बहीण राहते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिच्या आनुवंशिक घटकांची तुलना केली गेली. दूरदूरच्या थव्यांवरील, इतकेच नव्हे तर निरनिराळ्या जातींवरील माश्याही एकमेकींपासून वेगळ्या पडलेल्या नाहीत, असे दिसले. बिनपंखांची माशी स्वतः तर उडत जाऊ शकत नाही. याचा अर्थ वटवाघळेच एकमेकांच्या झाडांवर जाऊन शेजारी लटकत असली पाहिजेत, आणि जेथे माशी पोहोचते तेथे विषाणूही पोहोचत असणार. वटवाघळाच्या पायाला यंत्र न बांधता त्याच्या भेटीगाठींचा माग असा लागला.

वटवाघळांवर या रहिवाशांचा भार कितपत पडतो? निरोगी प्राण्याला ते फारसे अपाय करीत नाहीत. वटवाघूळ स्वतःच त्यांचा सर्वांत मोठा शत्रू आहे. खाजविण्यात व दातांनी केस साफ करण्यात पुष्कळ माश्या मारल्या जातात. मात्र त्यासाठी लागणारा वेळ आणि श्रम झोपेतून काढावे लागतात. उपासमार, उष्णतेची लाट किंवा सतत हुसकावले जाणे यांमुळे प्राणी दुबळा झाला की तोल ढळतो. ऑस्ट्रेलियात हेंड्रा विषाणूच्या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ अभ्यासातून दिसले की, हिवाळ्यात फुलणारी जंगले तुटल्यामुळे उपाशी पडलेली वटवाघळे वस्त्यांजवळ व शेतांजवळ आली, तेव्हाच घोड्यांमध्ये हा रोग वाढला. फटाके वाजवून वा फांद्या तोडून वटवाघळांचा थवा उठविल्याने रोगाचे भय कमी होते, ही समजूत या अनुभवाशी जुळत नाही.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फलाहारी वटवाघळांना उंदीर-कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत घातले होते. २०२२ च्या दुरुस्तीने कायद्यातील ती यादीच काढून टाकली. तेव्हा झाडाखाली राहणाऱ्याने काय करावे, हा प्रश्न तोडण्या-हाकलण्यापलीकडचा आहे. उष्टी, दातांचे व्रण असलेली फळे उचलून खाऊ नयेत. पडलेले जखमी वटवाघूळ उघड्या हातांनी उचलू नये, कारण त्याच्या चाव्याची भीती त्याच्या माशीपेक्षा कितीतरी मोठी आहे. त्याने चावा घेतलाच तर जखम साबणाच्या पाण्याने धुऊन लगेच दवाखान्यात जावे.

विजेच्या तारांना पंख लागून मेलेले एखादे वटवाघूळ शहरातील रस्त्यावर अधूनमधून पडलेले आढळते. त्याच्याकडे दुरून पाहणाऱ्याला काही वेळाने त्याच्या केसांतून कोळ्यासारखे लहान तपकिरी जीव बाहेर येताना दिसतील. शरीर थंड पडू लागल्याचे त्यांना कळलेले असते. उंदरावरून उतरलेल्या पिसवांप्रमाणेच त्याही निघतात. परंतु डांबरी रस्त्यावर त्यांचे लांब पाय अडखळतात, त्या गोल फिरतात, आणि त्यांच्या डोक्यावर पंधरा-वीस मीटर उंचीवर जी जिवंत वटवाघळे लटकलेली असतात त्यांच्यापर्यंत जाण्याचा मार्ग त्यांना सापडत नाही.